डोळा आणि बाटली

कृष्णाकाठी बी पेरून ऊस कोणी लावत नाही. डोळे पाहून टिपरी सरीत दाबायची, की झाले. हळदीला जेठा गड्डा, साताऱ्याकडच्या आल्याला कंद, केळीला मुनवा. परागीभवनाच्या भानगडीत न पडता एकच झाड पुढे चालवायचे, हा सातारा-सांगलीचा जुनाच शिरस्ता. त्यामुळे 'टिश्यू कल्चर'चे, बाटलीत वाढवलेले रोप म्हणजे काहीतरी कृत्रिम, असे पारावर कोणी म्हणाले की मला गंमत वाटते.

पण वारसा अखंड, तशी दुखणीही अखंड. गवताळ वाढीचा रोग बेण्यातूनच पुढच्या लावणीत उतरतो, आल्याची कंदकूजही तशीच. यावरचा एक मार्ग 1952 मध्ये फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी दाखवला. विषाणूने ग्रासलेल्या डेलियाच्या शेंड्याचे मिलिमीटरभरही नसलेले टोक त्यांनी काढून वाढवले आणि झाड निरोगी निघाले. त्या टोकात रसवाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात. विषाणू सहसा तिथवर पोहोचत नाही.

मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये दिलेले खाद्य आजही टिश्यू कल्चरच्या बाटल्यांत भरले जाते: क्षार, जीवनसत्त्वे, संप्रेरके आणि लिटरला 30 ग्रॅम साखर. साखर कारखान्यांच्या धुराड्यांच्या आधाराने ज्या मुलखाचे राजकारण चालते, तिथला ऊस आधी साखर खाऊन मोठा होतो! बाटलीतल्या पानावर मेणाचा थर नीट धरत नाही. थेट उन्हात ठेवले तर रोप बघता बघता मान टाकते. म्हणून शेडनेटमध्ये आठवडेच्या आठवडे हार्डनिंग, दमट हवेतून हळूहळू कोरड्या वाऱ्याकडे.

मला खटकते ते वेगळेच. प्रयोगशाळेला हवीत हुबेहूब रोपे. निराळे दिसले की बाद. रोपे विकणाऱ्याचे यात काही चुकत नाही. पण तासगावच्या द्राक्षबागा आठवा. थॉम्पसन सीडलेसही कलमाकाडीनेच वाढवलेले, एकाच रक्ताचे. त्यातल्या निराळ्या वेलावर कोणा बागायतदाराची नजर ठरली आणि 'तास-ए-गणेश' हा वाण हाती आला. उलट ग्रो मिशेल केळीच्या एकसारख्या बागा पनामा मर रोगाने विसाव्या शतकात संपवल्या. त्यांच्या जागी केव्हेंडिश आली. आपली जी-नाइन त्याच कुळातली, आणि मर रोगाची नवी जात आता तिच्याही मुळाशी आहे.

उसात वेगळेपणाला अजून थोडी फट उरली आहे. टिश्यू कल्चरचे रोप महाग. ते लावून त्याचा ऊस थेट गाळपाला धाडणे परवडत नाही. त्यापासून आधी पायाभूत बेणे, मग प्रमाणित बेणे, अशा पिढ्या शेतातच काढाव्या लागतात. त्या बेणेमळ्यात माणूस सरीसरीतून फिरतो आणि रोगट, वेगळी बेटे उपटतो. बेणेमळ्यापुरता तो नियम योग्यच. मात्र वेगळ्या, पण धट्ट्याकट्ट्या बेटाची एखादी टिपरी दुसऱ्या रानाच्या कोपऱ्यात लावून पाहायला कोणाची हरकत नसावी.