मल्खाचा कान

बेंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्याच्या पूर्वेच्या टोकाला ट्रिनिटी चर्च आहे. जवळच्या मेट्रो स्टेशनलाही त्याचेच नाव मिळाले आहे. छावणीतल्या ब्रिटिश सैनिकांना रविवारी प्रार्थनेला जागा हवी, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे चर्च बांधले गेले. आतल्या भिंतींवर सैनिकांच्या स्मृतिशिला आहेत. समोरच्या रस्त्याला तेव्हा साउथ परेड म्हणत. 1948 साली, गांधीजी गेल्यानंतर, त्याला त्यांचे नाव दिले गेले. याच शहरात कुमार पार्कच्या बाजूला वल्लभ निकेतन आहे. विनोबांच्या प्रेरणेने 1965 साली सुरू झालेला हा आश्रम. विनोबा म्हणजे 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनारला युद्धाविरुद्ध बोलून वैयक्तिक सत्याग्रह सुरू करणारे पहिले सत्याग्रही. त्यांनी बायबल मनापासून वाचले आणि 'ख्रिस्तधर्मसार' नावाने त्याचे सार काढून ठेवले. बायबल उराशी धरून लढाईवर जाणाऱ्यांचे चर्च इथे आहे. बायबलवर प्रेम करून शस्त्राला कायम नकार देणाऱ्याचा आश्रमही इथेच आहे. अशा शहरात राहताना मनात येतेच, की बायबल नेमके काय सांगते? माणसाला मारायला, युद्ध करायला ते परवानगी देते का?

दोन्ही बाजूंनी बोलता येईल असे पुष्कळ त्यात आहे. जुन्या करारातल्या दहा आज्ञांमध्ये हत्येला मनाई आहे. त्याच जुन्या करारात यहोशवाच्या आणि दावीदाच्या लढायाही आहेत. नव्या करारात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे शिपाई येतात आणि आम्ही काय करावे असे विचारतात. कोणाला धमकावून पैसे उकळू नका, आपल्या पगारात समाधान माना, असे तो सांगतो. नोकरी सोडा असे म्हणत नाही. एका रोमन शताधिपतीच्या श्रद्धेचे येशू स्वतः कौतुक करतो. प्रेषित पौल एका पत्रात लिहितो की राज्यकर्त्याच्या हाती तलवार उगाच दिलेली नाही. पण त्याच पत्रात, त्याच्या थोडे आधी, तोच पौल सांगतो की शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल आणि सूड देवावर सोपव. पहिल्या तीन शतकांतल्या टर्टुलियन आणि ओरिजेन यांच्यासारख्या ख्रिस्ती लेखकांना शस्त्र हाती घेणे मान्य नव्हते. पुढे ऑगस्टिनने वेगळा विचार मांडला. अन्याय थांबवण्यासाठी, वैध सत्तेने, मनात द्वेष न ठेवता केलेले युद्ध न्याय्य असू शकते, असे तो म्हणाला. तेव्हापासून आजपर्यंत हे दोन्ही प्रवाह चालत आले आहेत. हा पेच आपल्यालाही अनोळखी नाही. गीता सांगितली गेली ती रणांगणावरच. आणि त्याच गीतेवर विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, तेव्हा त्यातून अहिंसेचीच वाट उजळली.

या सगळ्यात दावीद राजाची एक गोष्ट विशेष लक्षात राहते. देवासाठी मंदिर बांधावे असे त्याला फार वाटत होते. लाकूड, दगड, सोने, सगळी तयारी त्याने केली. पण देवाने त्याला थांबवले. तुझ्या हातून पुष्कळ रक्त सांडले आहे, मंदिर तुझा मुलगा शलमोन बांधेल, असे त्याला सांगण्यात आले. दावीद देवाचा लाडका होता. त्याच्या लढाया देवाच्या नावानेच झालेल्या होत्या. तरी मंदिराची पहिली वीट रचायला ते हात चालले नाहीत. लढाई करावी लागली तरी ती पवित्र होत नाही, हे जुना करारच सांगतो. सीमेवर उभ्या असलेल्या जवानाबद्दल आपल्याला आदर असतो आणि असायलाच हवा. पण त्याच्या आईला विचारा. त्याला बंदूक चालवायची वेळच येऊ नये, हीच तिची प्रार्थना असते.

आणि मग येते ती गेथशेमाने बागेतली रात्र. येशूला पकडायला माणसे आली आहेत. हातात मशाली, कंदील, तलवारी, सोटे. त्याचा शिष्य पेत्र याला राहवत नाही. तो तलवार उपसतो आणि महायाजकाच्या नोकराचा उजवा कान कापतो. त्या नोकराचे नाव मल्ख, असे शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने आवर्जून लिहून ठेवले आहे. आता पाहा, तलवार उचलायला याहून चांगले कारण कोणते असेल? समोर निरपराध गुरू आहे. आलेले लोक अन्यायाने आलेले आहेत. पेत्राचे प्रेम खरे आहे. त्याच संध्याकाळी येशू शिष्यांना तलवार घेऊन ठेवण्याबद्दल बोलला होता, असेही लूक सांगतो. पण ती प्रत्यक्ष चालली, तेव्हा येशू पेत्राला थांबवतो आणि तलवार म्यानात घालायला सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात पुढची गोष्ट येते. येशू त्या नोकराच्या कानाला हात लावतो आणि कान बरा करतो. लगेच येशूला धरून नेले जाते. पकडले जाण्याआधी त्याने केलेले शेवटचे काम म्हणजे पकडायला आलेल्या माणसाची जखम भरून काढणे.

हे ऐकायला छान, पण जगात चालत नाही, असे कोणी म्हणेल. 30 जानेवारी 1956 ची रात्र आठवावी. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. ते सभेला गेले होते. घरात पत्नी आणि अडीच महिन्यांची मुलगी होती. दोघी सुखरूप राहिल्या. किंग धावत घरी आले तेव्हा अंगणात संतापलेली गर्दी जमली होती आणि काहींच्या हातात शस्त्रे होती. मोडलेल्या ओसरीवर उभे राहून त्यांनी लोकांना सांगितले की शस्त्रे घरी ठेवा, आपल्याला शत्रूवरही प्रेम करायचे आहे. लोक परतले. तीन वर्षांनी, 1959 मध्ये, गांधीजींचा देश पाहायला ते भारतात आले. त्या प्रवासात ते बेंगळुरूलाही येऊन गेले आणि पुढे राजस्थानात पदयात्रेत असलेल्या विनोबांना भेटले. प्रेरणा ख्रिस्ताकडून मिळाली आणि पद्धत गांधींकडून, असे ते सांगत.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती तलवार कधी येणार नाही. कोणत्या देशाने कोणाशी लढावे, हेही आपल्याला कोणी विचारणार नाही. पण डोंगरावरच्या प्रवचनात येशूने हा प्रश्न थेट आपल्या घरात आणून ठेवला आहे. हत्या करू नये हे तुम्ही ऐकले आहेच, पण भावावर रागावणारा आणि त्याला मूर्ख म्हणणारासुद्धा दोषी आहे, असे त्याने सांगितले. म्हणजे युद्धाची सुरुवात सकाळच्या स्वयंपाकघरातही होऊ शकते. कोणीतरी न बोलता डबा ओट्यावर आपटतो. सिल्क बोर्डच्या सिग्नलला रिक्षावाल्यावर खेकसणे होते. ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांच्या देखत नवख्या सहकाऱ्याची चूक दाखवली जाते. यातली काळजीची गोष्ट अशी, की आपण चुकलेले असतो तेव्हा जरा जपून बोलतो. आपली बाजू खरी असते तेव्हाच जिभेला धार येते. पेत्राचेही तेच झाले. बाजू बरोबर होती आणि कान कापला गेला. तोही कोणा मोठ्या अधिकाऱ्याचा नाही, मिळेल त्या नोकराचा. आपला रागही असाच खाली उतरत जातो. साहेबावरचा राग घरी येतो, घरचा राग वॉचमनवर निघतो.

म्हणून एक छोटी सवय लावून घ्यावी. आपली बाजू खरी असली तरी आपल्या बोलण्याने कोण दुखावले, हे रोज एकदा आठवावे आणि त्या माणसाशी आपण होऊन बोलावे. कोण बरोबर, कोण चूक याचा निकाल नंतर लावता येतो. आधी दुखणे थांबवावे. आपल्या माणसाने कोणाला दुखावले असेल, तरी पुढे आपणच व्हावे. मल्खाचा कान येशूने कापला नव्हता. तो त्याच्या शिष्याने कापला होता, तरी बरा त्याने केला. आपला मुलगा लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंशी उद्धट बोलला असेल, तर त्याला घरी समजावणे आहेच. पण आधी त्या काकूंना भेटून "मनावर घेऊ नका हं" म्हणावे. दोन मिनिटे लागतात. त्याने आपला मान कमी होत नाही, आणि मुलगा जे पाहतो ते आयुष्यभर विसरत नाही.

डोंगरावरच्या त्याच प्रवचनात आणखी एक सांगणे आहे. देवापुढे अर्पण घेऊन गेलात आणि भावाशी बिनसले आहे हे तिथे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग पूजेला या. पौलाने तर मुदतही घालून दिली आहे. सूर्य मावळेपर्यंत राग मनात राहू देऊ नका, असे तो लिहितो. बेंगळुरूत ऑफिस सुटून घरी पोहोचेपर्यंत सूर्य केव्हाच मावळलेला असतो. म्हणून हे काम सकाळीच करावे. काल कोणाशी बोलणे तुटले असेल, तर ते नाव तुमच्या मनात आत्ता आलेही असेल. त्यांना फोन लावा. घरातच असतील तर हाक मारा. लांबलचक खुलासा करू नका, "कालचं राहू दे" एवढे म्हणा. समोरून लगेच उत्तर आले नाही तरी चालेल. तुमच्या बाजूची तलवार म्यानात गेली, हे आजच्यासाठी पुष्कळ आहे. तेवढे एक काम आधी करा, मग कामाला लागा.