प्रारब्ध आणि पंचवीस टक्के

वैनगंगेच्या खोऱ्यातील दवनीवाड्यासारख्या धानाच्या गावी बारावीचा विद्यार्थी जीवशास्त्राचा सराव-प्रश्नसंच उघडतो, तेव्हा त्यात एक प्रश्न हटकून असतो: आई व वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर अपत्य रोगग्रस्त होण्याची संभाव्यता किती? चार घरांची चौकट आखून तो पंचवीस टक्के लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परंतु पूर्व विदर्भातील ज्या घरी हा आजार पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे, तेथील मातेचा प्रश्न निराळा असतो; चौघांत एक हे तिला समजते, तो एक माझाच का, हे समजत नाही.

यावर आपल्या परंपरेने प्रारब्धाचे उत्तर दिले. संचितातून या जन्मी वसुलीस निघालेला भाग तो प्रारब्ध; म्हणजे जगात अकारण काही घडत नाही, हे त्यातील आश्वासन क्षुल्लक नव्हे. मात्र गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पहिले काही महिने रक्तात टिकून राहिल्यामुळे जे मूल हसत-खेळत असते, त्याच्या हातापायांची बोटे एके दिवशी सुजून टरारतात, तेव्हा मागील जन्मीच्या बाकीचा तगादा आपण त्या अजाण जिवाकडेच लावतो. (याच खोऱ्यातील बांध्यांत सारस बहुधा दोन अंडी घालतो, आणि पुष्कळदा एकच पिल्लू जगते, दुसऱ्याचे संचित कोणी काढीत नाही.)

आनुवंशिकी म्हणते, प्रत्येक गर्भधारणेला खाते कोरे. पहिले अपत्य आजारी निघाले म्हणून पुढची तीन निर्धोक ठरत नाहीत, आणि पहिली तीन धडधाकट निघाली म्हणून चौथ्यावर गंडांतर येते असेही नाही. हे उत्तर रुक्ष खरे, तथापि मला ते अधिक दयाळू वाटते, कारण त्यात कोणी गुन्हेगार ठरत नाही.

यापुढचा पेच बिकट आहे. हाच दोष एकेरी वारशाने आला तर हिवतापाच्या घातक प्रकारापासून बालकाचे काहीसे रक्षण होते, हे संशोधक अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यासून 1954 मध्ये मांडले. म्हणजे अनेकांच्या बचावाची किंमत एका अर्भकाने मोजावयाची! हा न्याय म्हणावा, तर न्यायाधीश कोठे आहे? निसर्गनिवडीच्या दप्तरी फिर्याद दाखल होत नाही.

क्रियमाणाला, म्हणजे या जन्मी आपल्या हाती असलेल्या कर्माला, वाव उरतो तो विवाहापूर्वी. थेंबभर रक्त द्रावणात टाकावे, आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढील चाचणीने वाहक की रोगी याची खात्री करून घ्यावी, काम एवढेच. पण छत्तीस गुण मोजणारी मंडळी हा अहवाल मागतात, तोही बहुधा मुलीकडूनच, आणि ती वाहक निघाली की मुलाचे रक्त न तपासता सोयरीक मोडतात. वस्तुतः वर निर्दोष असेल तर त्या चौकटीत रोगग्रस्ताचे घर भरतच नाही, हे दवनीवाड्याच्या त्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरते का होईना, पक्के ठाऊक असते.