शव पाहिलं, संत भेटले का?

जुन्या गोव्याहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "शव पाहिलंत का?" मिस्सा मिळाली का, दोन मिनिटे शांत बसता आले का, हे प्रश्न मागाहून येतात, पुष्कळदा येतही नाहीत. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष सर्वांच्या दर्शनासाठी ठेवले होते. जे गेले ते रांगेत उभे राहिले आणि काचेच्या पेटीपुढून काही क्षणांत पुढे सरकले. ज्यांना जमले नाही ते आता २०३४ ची वाट पाहणार. पण बॉम जीझस बॅसिलिका काही दहा वर्षांतून एकदाच उघडत नाही. गोव्याची सहल काढणारी प्रत्येक बस तिथे थांबते. मंगेशीचे देऊळ, मिरामारचा किनारा आणि मध्ये कुठेतरी तासाभराचे ओल्ड गोवा! गाईड पुढे, आपण मागे.

ही तासाभराची फेरी मला नेहमी विचारात पाडते. हजारो पर्यटक जशी ती करतात तशीच आपणही करतो. फरक इतकाच, की ते घर आपल्या पित्याचे आहे असे आपण म्हणतो. मग त्या घरातून आपण नेमके काय घेऊन बाहेर पडतो?

गाईड सुरुवात बाहेरूनच करतो. १५९४ मध्ये बांधकाम सुरू झाले, १६०५ मध्ये चर्चचे समर्पण झाले, १९४६ मध्ये बॅसिलिकेचा मान मिळाला, १९८६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गोव्याची चर्चेस आली. भिंती जांभ्या दगडाच्या. दर्शनी भागावरचे कोरीव काम मात्र काळ्या दगडाचे, आणि तो दगड आपल्या वसईहून नेलेला! हे ऐकले की आपली माणसे एकमेकांकडे पाहतात. अभिमान वाटणे साहजिक आहे. वसईच्या दगडाने त्या देवळाचा चेहरा घडला, आणि झेवियर स्वतः १५४८ साली वसईला येऊन गेले होते.

बाहेर उभे असतानाच आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. ही लालसर, उघडी भिंत, जिच्यासमोर सगळे फोटो काढतात, ती बांधणाऱ्यांनी अशी उघडी ठेवली नव्हती. तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात, पोर्तुगीज अंमलाच्या शेवटच्या काळात, काढून टाकण्यात आला. इमारत अधिक प्राचीन दिसावी हा त्यामागचा विचार! जांभा पाणी पितो. गोव्याचा पाऊस कसा असतो हे आपल्याला सांगायला नको. पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी देवळाच्या अंगावरचे वस्त्र काढले गेले, आणि आता ते पुन्हा घालावे की नाही यावर जाणकार वाद घालतात.

आत शिरल्यावर समोर सोन्याच्या मुलाम्याची भव्य वेदी दिसते. वर लोयोलाचे संत इग्नेशियस, त्यांच्या पायाशी लहानगा बाळ येशू. या बाळावरूनच बॅसिलिकेला 'बॉम जीझस' हे नाव मिळाले आहे. गाईड तिथे एखादा मिनिट घालवतो. मग हात उंचावून म्हणतो, "चला, उजवीकडे." सगळा घोळका उजवीकडे वळतो.

उजव्या बाजूच्या कपेलमध्ये झेवियर यांचे थडगे आहे. तीन गोष्टी एकावर एक आहेत असे समजा. खाली रंगीत संगमरवराचा चौथरा, वर गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवलेली चांदीची पेटी, आणि तिच्या आत काचेच्या पेटीत संतांचा देह. संगमरवराचे काम टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याच्याकडून करवून घेतले. त्याला दहा वर्षे लागली. १६९८ मध्ये ते इथे उभे राहिले. ड्यूकने एवढा खर्च का केला? संतांचे मस्तक ज्या उशीवर टेकले होते ती उशी त्याला भेट मिळाली होती, त्याची ही परतफेड. एका उशीपायी एवढा संगमरवर!

ज्यांच्यासाठी हे सारे झाले ते ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांशियन बेटावर वारले. वय ४६. शेजारी अंतोनियो नावाचा चिनी ख्रिस्ती सोबती तेवढा होता. मांस लवकर झडून जावे आणि हाडे नेता यावीत म्हणून शवपेटीत चुना भरला होता. काही आठवड्यांनी पेटी उघडली तर देह जसाच्या तसा! तो मलाक्काला नेला आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आला.

तेव्हापासून लोक त्यातून काहीतरी नेतच आहेत. परंपरा सांगते की त्याच वर्षी पायाचे चुंबन घेताना एका पोर्तुगीज बाईने पायाचे बोट दातांनी तोडून नेले. १६१४ मध्ये येशूसंघाच्या रोममधील वरिष्ठांच्या आज्ञेवरून उजवा हात कोपरापासून कापून रोमला पाठवला गेला. तो आज तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. दंडाचे हाड मकावला आहे. २०१८ साली रोममधला तो हात कॅनडातील शहरांत दर्शनासाठी नेला, तेव्हा विमानात त्याच्यासाठी स्वतंत्र आसन राखले होते. हे सगळे ऐकताना घोळक्यातील काहीजण "शी!" म्हणतात, काही हसतात आणि बहुतेकजण मोबाईल उंच धरतात. म्हणजे तेही आपापला तुकडा घेऊनच जातात.

त्या बाईला हसणे सोपे आहे. मला मात्र तिच्यावर फार कठोर व्हावेसे वाटत नाही. आपल्या घरी आजीचे लुगडे ट्रंकेत घडी घालून ठेवलेले असते. कुणी ते नेसत नाही, कुणी टाकतही नाही. सणावाराला कुणीतरी ते हातात घेते आणि वास घेते. ज्याच्यावर प्रेम केले त्याचे काहीतरी हाताशी असावे ही भूक माणसाची आहे आणि देवाने ती तुच्छ मानलेली नाही. संत पौलाच्या अंगावरचे रुमाल लोक आजाऱ्यांकडे नेत असत असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. आणि मार्कच्या शुभवर्तमानातील ती बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री! तिने तर प्रभूला न विचारताच त्याच्या वस्त्राला हात लावला. प्रभूने तिला झिडकारले नाही.

पण तिची गोष्ट तिथे संपत नाही, हे आपण विसरतो. प्रभू थांबतो, वळतो आणि विचारतो. ती घाबरत, थरथरत पुढे येते, त्याच्या पायाशी पडते आणि सगळे खरे काय ते सांगते. मार्कने हे मुद्दाम नोंदवले आहे. स्पर्श झाला, गुण आला, आता गर्दीत मिसळून निघून जावे, असे तिला करता आले असते. 'सगळे खरे' सांगितल्यावरच प्रभू तिला शांतीने जायला सांगतो.

आपल्या फेरीत हा दुसरा भाग गळतो, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. झेवियर यांच्या देहाचे जसे तुकडे झाले तसे त्यांच्या आयुष्याचेही आपण करतो. जो तुकडा आवडतो तो घरी नेतो, बाकीचा तिथेच ठेवतो.

एक उदाहरण घेऊ. १५४४ च्या जानेवारीत झेवियर यांनी युरोपातील बांधवांना एक पत्र लिहिले. दक्षिणेतील मोती काढणाऱ्या गरीब परव लोकांना बाप्तिस्मा देऊन देऊन हात थकून जातो, असे त्यात आहे. हे पत्र आपण सर्वांनी प्रवचनात ऐकले आहे. रोमला नेला गेला तो हाच हात. त्याच हाताने, किंवा निदान त्याच्या सहीने, १६ मे १५४६ रोजी अंबॉयना बेटावरून पोर्तुगालच्या राजाला आणखी एक पत्र गेले. बाप्तिस्मा घेतलेले कितीतरी लोक जुन्या धर्माप्रमाणेच राहतात, म्हणून इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचे न्यायालय, पाठवावे अशी मागणी त्यात होती. न्यायालय आले ते १५६० साली, झेवियर जाऊन आठ वर्षे झाल्यावर. मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. त्याची इमारत बॅसिलिकेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, से कॅथेड्रलजवळच होती. आज तिचा मागमूस नाही, त्यामुळे फेरीत ती येत नाही.

हे न्यायालय प्रामुख्याने बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच होते, हेही लक्षात घ्या. ज्यूंच्या वंशातून आलेले ख्रिस्ती आणि जुन्या चालीरीती न सोडलेले इथलेच ख्रिस्ती त्याच्यापुढे उभे केले गेले. म्हणजे जे भरडले गेले त्यांच्यात आपलीही माणसे होती. या विषयावर अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'वर मनापासून प्रेम करणारा हा मराठीचा अभ्यासक. त्याला आपला वैरी म्हणता येणार नाही.

"हे बॅसिलिकेत कशाला सांगायचे? मुले बरोबर असतात. आणि बाहेरचे लोक त्याचा आपल्याविरुद्ध वापर करतील." हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. आजच्या वातावरणात कुणी एक पत्र उचलतो, ते गावभर फिरवतो आणि म्हणतो, हाच तुमचा संत! तोसुद्धा तुकडाच घेऊन जात असतो. सुरी तीच, हात वेगळा. याच झेवियर यांनी राजाला पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लोभाबद्दल आणि जुलमाबद्दलही सडेतोड लिहिले होते, हे त्याच्या भाषणात येत नाही. परंतु म्हणून आपण गप्प बसलो तर काय होते? मुले बसमध्ये बसल्या बसल्या मोबाईलवर ते वाचतात. घरी आल्यावर विचारतात आणि आपण म्हणतो, "खोटं आहे ते." त्या दिवशी मुलाच्या मनातून संत जात नाही, आपण जातो.

सबंध झेवियर पत्करायचा म्हणजे दोन्ही पत्रे पत्करायची. संत म्हणजे कधीच न चुकलेला माणूस, असे ख्रिस्तसभेने कधी शिकवलेले नाही. पेत्राने नाकारले, पौल छळ करणाऱ्यांत होता. झेवियर त्यांच्या काळाच्या समजुतीत वाढलेले होते. धर्म राखायला राजाची सत्ता वापरावी यात त्यांना वावगे दिसले नाही. आपल्याला ते दिसते, आणि ते दिसते असे म्हणण्याने त्यांच्या थकलेल्या हाताचे मोल कमी होत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये, सत्याच्या नावाने ख्रिस्ती लोकांनी केलेल्या हिंसेबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. झेवियर यांना संतपद मिळाले तो दिवसही १२ मार्चच होता, १६२२ सालचा. पोपमहोदयांना संकोच वाटला नाही, तर आपल्याला बसमध्ये का वाटावा?

आता शवाविषयी थोडेसे. कुणी सांगते केस अजून वाढतात, कुणी सांगते काहीच बदललेले नाही. देह आता सुकलेला, आक्रसलेला आहे, हे दर्शनाला गेलेल्यांनी पाहिले आहेच. म्हणून धर्मप्रांतही 'पवित्र अवशेष' असाच शब्द वापरतो. चमत्काराचा पुरावा म्हणून ते तिथे ठेवलेले नाहीत. १७८२ मध्ये पहिले जाहीर दर्शन झाले तेच मुळी अफवा मिटवण्यासाठी. देह खरा झेवियर यांचा नाहीच, अशी कुजबुज तेव्हा पसरली होती. अडीचशे वर्षे होत आली, कुजबुज काही थांबलेली नाही!

राहिली डावी बाजू. झेवियर यांच्या कपेलच्या बरोबर समोर, पलीकडच्या अंगाला, पवित्र साक्रामेंताचे कपेल आहे. आपल्या श्रद्धेप्रमाणे जिवंत प्रभू तिथे आहे. फेरीत तिथे क्वचितच नेतात, आणि यात गाईडचा दोष मानू नये. तिथे सांगण्यासारखी ड्यूकची कथा नाही. तो आपले पोट भरण्यासाठी लोकांना हवे ते सांगतो, आणि "डावीकडे काय आहे?" असे त्याला कुणी विचारतच नाही. झेवियर रात्री रात्री कोणापुढे बसत असत, हे ठाऊक असलेल्यांनी ते विचारायला हवे.

तेव्हा आपल्या धर्मग्रामातून पुढची बस निघेल तेव्हा, संयोजकांनो, एवढे करा. फेरी आटोपल्यावर पंधरा मिनिटे वेगळी मागून घ्या आणि मंडळींना डावीकडे न्या. गाईड नाही म्हणणार नाही. तेवढ्यात त्यालाही चहा घेता येतो.