शिंगे कुणाला दाखवायची?

अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात एल्क या हरणाचा पहिला मोठा नर मारणाऱ्याचे छायाचित्र ठरावीक पद्धतीने काढतात. जनावराच्या तोंडावरचे रक्त पुसतात, मान उचलून धरतात, शिंगांच्या फांद्या आभाळावर उठून दिसाव्यात असा कोन शोधतात. शिकारी मुद्दाम थोडा मागे बसतो, म्हणजे जनावर आहे त्याहून मोठे दिसते. मग शिंगांना टेप लागतो. थिओडोर रूझवेल्ट आणि त्याच्या मित्रांनी १८८७ साली काढलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबची गुणपद्धत आजही चालते, आणि इंचांच्या हिशेबावर त्या मरणाची प्रत ठरते.

जालन्यात बसून हे वाचणारा नाक मुरडेल. त्याने जरा थांबावे. तो अमेरिकन शिकारी बहुधा मांस घरी नेऊन खातो. खाण्याजोगे मांस रानात टाकून जाणे तिथल्या अनेक राज्यांत गुन्हा आहे. १९३७ च्या कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पार रोडावलेले एल्क आज पुन्हा लाखांनी आहेत, त्यात या पैशाचा वाटा आहे. तेव्हा मारण्यावरून मी त्याच्याशी भांडणार नाही. माझा प्रश्न शिंगांचा आहे. एल्कची शिंगे दरवर्षी आपोआप गळतात. रानात चालताना ती फुकट सापडू शकतात. पण उचलून आणलेल्या शिंगांना शिकारीचा मान मिळत नाही. म्हणजे भिंतीला लागते ती नुसती वस्तू नव्हे, पाहणाऱ्याला पटेल असा पुरावा लागतो. पाहणाराच नसेल तर शिकार होईल, ट्रॉफी होणार नाही.

हे आपल्याकडे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. भोकरदनहून सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जा आणि दहाव्या लेण्यात उभे राहा. भिंतीवर षड्दंत जातकाची इसवी सनापूर्वी काढलेली, आता विटलेली चित्रे आहेत. सहा सुळ्यांचा गजराज. त्याची एक राणी सवतीमत्सराने मरते आणि पुढच्या जन्मी काशीची राणी होते. मागचा डूख तिच्या मनात आहे. ती शिकाऱ्याला सुळे आणायला पाठवते. विषारी बाण लागलेला हत्ती शिकाऱ्याला मारत नाही, उलट सुळे कापायला स्वतःच मदत करतो. शिकारी ते दरबारात आणतो. राणी पाहते आणि तिचे काळीज फुटते. जगातल्या ट्रॉफीच्या कथांपैकी इतकी जुनी आणि इतकी नेमकी कथा मला दुसरी माहीत नाही. शिकाऱ्याने काम चोख केले, पुरावा खरा होता, आणि ज्या नजरेसाठी तो आणला तीच नजर तो झेलू शकली नाही.

त्याच लेण्यात श्याम जातकही आहे: आंधळ्या आईबापांसाठी पाणी आणायला गेलेल्या मुलाला शिकारी राजाचा बाण लागतो. आपल्या घरातल्या श्रावणबाळाचाच हा भाऊबंद.

आणि याच लेण्यात एक खरा शिकारी येऊन गेला. त्या काळी जालना हे इंग्रजी फौजेचे मोठे ठाणे होते आणि सुटीच्या दिवसांत अधिकारी आसपासचे डोंगर वाघांसाठी धुंडाळत. पलीकडे खानदेशात जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे जवळपास दोनशे वाघ मारले. २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या मागावर असलेल्या जॉन स्मिथ नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली. त्याने दहाव्या लेण्यात शिरून एका चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली. तेव्हा लेण्यात राडारोडा साचलेला होता, त्यावर तो उभा होता. म्हणून ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसते. वाघ मिळाला की नाही याला आता महत्त्व नाही. मी इथे होतो, हे माझे, असे लिहून ठेवण्याची ती सवय, आणि भुसा भरलेल्या डोक्याखाली पितळी पट्टीवर नाव, गाव, तारीख कोरण्याची सवय, या दोन्ही एकाच हाताच्या आहेत.

ज्यांच्या शिकारीला भिंत नव्हती त्यांचे काय झाले तेही पाहावे. याच माळरानांवर फासेपारधी फास लावून तितर, लावे, हरणे धरत. धरलेले रात्री शिजे किंवा बाजारात विकले जाई. दाखवायला काही उरत नसे. साहेबाच्या शिकारीची पुस्तके निघाली, संस्थानिकांच्या शिकारी कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये काचेआड गेल्या. पारध्याच्या वाट्याला मात्र जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का आला. तो शिक्का मारणारा, १८७१ पासून चालत आलेला कायदा १९५२ साली गेला, नजर अजून गेलेली नाही. ज्याने पोटासाठी मारले तो गुन्हेगार आणि ज्याने दाखवण्यासाठी मारले तो शूर, ही विभागणी कुठल्या नीतीत बसते?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नकळत का होईना, हा प्रश्न वेगळ्या टोकाने सोडवला. शिकारीला आळा घातलाच, शिवाय शिंगे, कातडी, भुसा भरलेली डोकी यांची व्याख्या करून त्यांवर मालकी हक्काचे दाखले लावले. पुढे त्यांची खरेदी-विक्रीही बंद झाली. आजोबांनी मारलेल्या काळविटाची शिंगे वारसाने घरात राहू शकतात, बाजारात जाऊ शकत नाहीत. आणि जिथे पिकाच्या नुकसानीपायी मारायची परवानगी मिळते, तिथेही मेलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. जुलै २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने रोही म्हणजे नीलगाय आणि रानडुक्कर मारण्याची जी वाट काढली तिच्या शेवटी ना मांस आहे, ना शिंगे.

घनसावंगी-मंठ्याकडच्या शेतकऱ्याला ती नकोच आहेत. त्याला तूर, हरभरा वाचवायचा आहे. तो जागलीला जातो, फटाके फोडतो, बांधाभोवती जुन्या साड्या बांधतो, ऐपत असली तर झटका मशीन आणतो. बंदूक त्याच्याकडे नाही. बंदूकवाला बोलवावा तर तो कुठून आणि कशासाठी येणार? २०१६ साली बिहारमध्ये मोकाम्याजवळ हैदराबादचे नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या, तेव्हा केंद्रातल्याच दोन मंत्र्यांची, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांची, जाहीरपणे जुंपली. त्यात खरा सल मला वेगळाच दिसला. लोकांना मरण तितके खुपले नव्हते, जितके ते दिसणे खुपले होते.

कारण न दिसणारे मरण तर रोज चालू आहे. मराठवाड्यात, विदर्भात कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडली जाते. त्यात डुक्कर मरते, रोही मरतो, कधी बिबट्या, कधी शेजारचाच गडी मरतो. जनावर असले तर उजाडायच्या आत खड्ड्यात जाते. त्याचे छायाचित्र नाही, इंच नाहीत, पंचनामा नाही. ट्रॉफीवाल्याला आपण हसतो, पण त्याने मारलेल्या जनावराची निदान नोंद असते. त्याला परवान्यावर एक नर म्हटले तर एकच नर.

म्हणून मला वाटते, मारण्याची परवानगी द्यायचीच असेल तर वनखात्याने ती गावासमोर वापरावी. दिवसाउजेडी, ग्रामसभेला आधी सांगून, ज्याच्या शेताचे नुकसान झाले त्याला तिथे उभा करून, आणि जनावराचे वय, नर की मादी, पोटात पिल्लू होते का, हे चावडीवरच्या वहीत लिहून. बाहेरचा नेमबाज आला तर त्याने गोळी झाडावी आणि जावे. कॅमेरा गाडीतच राहू द्यावा. बघायचे ते गावाने बघावे. काही गावे वही पाहून परवानगी मागणे थांबवतील, काही थांबवणार नाहीत, आणि दोन्ही निर्णय त्यांचे असतील.