घर कशाने मोजायचे?



एप्रिल-मे आला की आपल्याकडे बदल्यांचा आणि घरे बदलण्याचा हंगाम सुरू होतो. कुणाची नांदेडहून लातूरला बदली होते, कुणी भाड्याच्या दोन खोल्या सोडून कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटमध्ये जातो, कुणी मुलाच्या बारावीसाठी दोन वर्षे लातूरला खोली घेतो. खोकी गोळा होतात, टेम्पो ठरतो, गॅसचे आणि शाळेचे कागद हलतात. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूनेच दिला आहे (लूक 14), तेव्हा अशा तयारीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण आपला हिशेब बहुधा खर्चापाशीच थांबतो. घर केवढे घ्यायचे हे पैशाने ठरते. त्या घरात कुणाला किती जागा, हे कशाने ठरवायचे?

आपल्या मराठवाड्याला हा प्रश्न एकदा फार मोठ्या प्रमाणावर पडला होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून माणसे नुकतीच झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद त्यांच्यावर कोसळले. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील 52 गावे जुन्या जागी न बांधता नव्या जागेवर वसवायचे ठरले. जागतिक बँकेचे कर्ज मिळाले, आराखडे झाले, याद्या झाल्या. मग कुणाला केवढे घर द्यायचे, हा मुद्दा आला.

ठरले ते असे. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना 450 चौरस फुटांचे आणि त्याहून जास्त जमीन असलेल्यांना 750 चौरस फुटांचे. म्हणजे माप होते जमिनीचे. आठ माणसांचे मजुराचे कुटुंब असेल तरी त्याला 250 आणि मोठ्या शेतकऱ्याच्या घरी तिघेच उरले असतील तरी त्यांना 750.

हे ऐकून लगेच राग येतो. पण सरकारी बाजूही समजून घेतली पाहिजे. शेतकऱ्याला धान्य, अवजारे ठेवायला जागा लागते. ज्याचा वाडा पडला त्याचे नुकसानही मोठे होते. शिवाय सातबारा हा कागद कुणालाही तपासता येतो. गरज मोजायला कागद नसतो आणि जिथे कागद नाही तिथे वशिला शिरतो. ॲरिस्टॉटलने वाटपातील न्यायाबद्दल एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. वाटप योग्यतेच्या प्रमाणात व्हावे, हे सगळ्यांनाच मान्य असते. योग्यता कशात मानायची, यावर मात्र माणसे भांडतात. किल्लारीच्या वेळी ती जमिनीत मानली गेली. (गुरांसाठी त्या घरांत नीट सोय नव्हती, हे वेगळेच. लोकांनी नंतर आपापल्या परीने पत्र्याच्या शेड उभारल्या.)

पवित्र शास्त्रातही एका मोठ्या स्थलांतराची अशीच तयारी आहे. इस्राएल लोक मोआबच्या मैदानात, यार्देन नदीच्या अलीकडे थांबलेले असताना मोशे त्यांची मोजणी करतो. आकडा येतो 6 लाख 1 हजार 730. आणि देव वाटणीचे माप सांगतो ते माणसांच्या संख्येचे: ज्या वंशात माणसे जास्त त्याला जास्त भूमी, ज्यात कमी त्याला कमी. कोणता भाग कुणाचा, हे मात्र चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कुणी बळजोरीने सुपीक तुकडा आधी पकडू नये (गणना 26).

पण या चांगल्या मापालाही एक भोक होते. मोजणी वीस वर्षांवरील पुरुषांचीच झाली होती. पुढच्याच अध्यायात सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहतात. बाप वारला, भाऊ नाही, मग आमचे नाव यादीत कुठे? मोशे त्यांना गप्प बसवत नाही, नियमाचा कागदही दाखवत नाही. तो त्यांचे म्हणणे देवापुढे नेतो आणि देव सांगतो की मुलींचे म्हणणे बरोबर आहे. यादी बदलली गेली.

आता आपल्या घराकडे येऊ. घराला आशीर्वाद द्यायला गेलो की मला आधी टीव्हीची भिंत दाखवली जाते, मग स्वयंपाकघराचा ओटा, मग मोठी बेडरूम. आजीची खाट शोधावी लागते. बहुधा ती हॉलमध्ये असते आणि पाहुणे आले की आजीला उठावे लागते. जुन्या घरात ओसरी होती, म्हातारी माणसे तिथे हक्काने बसत. फ्लॅटमध्ये ओसरी नाही आणि सातबाऱ्याची जागा पगाराच्या पावतीने घेतली आहे: जो हप्ता भरतो त्याची खोली मोठी. सरकारी कारकुनाला कोणत्या घरात कोण रात्री खोकते हे कळणे शक्य नव्हते. आपल्याला ते कळते. म्हणून त्याची सबब आपल्याला लागू होत नाही.

इसार देण्यापूर्वी आईवडिलांना घर दाखवायला न्या. त्यांना जिना चढता येतो का, रात्री अंधारात संडासापर्यंत जाता येते का, ते बघा. "मला काय, कुठेही चालेल," असे त्या म्हणतील. ते खरे उत्तर समजू नका. सलाफहादच्या मुलींना बोलायचे धैर्य होते, आपल्या आयांना ते आपणच द्यावे लागते.

आणखी एक गोष्ट अलीकडे वाढते आहे, तिच्याबद्दल स्पष्ट लिहितो. भाऊ वेगवेगळ्या गावी जाताना आईवडिलांचीही वाटणी करतात. वडील थोरल्याकडे, आई धाकट्याकडे, कारण आई नातवंडे सांभाळते. विवाहाच्या वेळी वेदीसमोर आपण जे ऐकतो ते केवळ नवराबायकोच्या भांडणापुरते नाही. सत्तरीतल्या जोडप्याला मुलांच्या सोयीसाठी दोन शहरांत ठेवणे, हेही देवाने जोडलेले तोडणेच आहे. औषधोपचाराची अडचण असेल, काही महिन्यांची निकड असेल, तर गोष्ट निराळी. पण टेम्पो ठरवण्याच्या धांदलीत हा निर्णय होतो आणि कायमचा होऊन बसतो.

जी कुटुंबे शाळा सुरू होण्यापूर्वी दुसऱ्या धर्मग्रामात जात आहेत, त्यांनी स्नानसंस्काराचे आणि विवाहाचे दाखले रविवारच्या मिस्सानंतर कार्यालयातून घ्यावेत. इथेच घर बदलणाऱ्यांनी आशीर्वादाची तारीख ठरवायला शक्यतो घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला पाठवावे. त्यांना जिने चढता येत नसतील तर निरोप द्या, मी येऊन त्यांनाच विचारीन.

तुमचा,
धर्मगुरू