कॅमेरा आणि कडी

एखाद्या सज्जन माणसाला संशयी करायला फार मोठी घटना लागत नाही. एक ओरखडा पुरतो. आमचा ओरखडा वीतभर लांब होता, गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर होता आणि मार्च महिन्यातल्या एका सकाळी पेपर उचलायला बाहेर गेलो असताना तो मला दिसला. तोपर्यंत मानवजातीविषयी माझं मत एकंदरीत बरं होतं. चहा होईपर्यंत माझ्या यादीत दूधवाला, पेपरवाला, समोरची क्रिकेट खेळणारी पोरं आणि देवपूजेसाठी पहाटे आमची जास्वंद ओरबाडणारे दोन धार्मिक गृहस्थ जमा झाले होते.

"तुमच्याच हातून लागला नसेल कशावरून?" सौ.ने विचारलं. चौकशीच्या सुरुवातीलाच असे फाटे फुटू देणं बरं नसतं, म्हणून ते नाव मी यादीत घेतलं नाही.

रात्री मुलाचा अमेरिकेहून फोन आला. "बाबा, ड्राइव्हवेवर कॅमेरा लावून टाका." आमच्या फाटकापासून पोर्चपर्यंत शहाबादी फरशीची जी चोवीस फुटांची वाट आहे, तिला माझे वडील 'सायकली लावायची जागा' म्हणत. आम्ही 'गाडीची जागा' म्हणतो. पोर्चमध्ये झोपाळा आणि कुंड्या असल्यामुळे गाडी बिचारी फाटकाला पाठ लावून उभी असते. मुलगा परदेशी गेल्यावर त्याच जागेचा ड्राइव्हवे झाला. माणसं परदेशी गेली की मागे राहिलेल्यांच्या फरशीलाही बढती मिळते, ती अशी.

कॅमेरा बसवायला आलेला मुलगा विशी-बाविशीचा होता. शिडी टेकवून त्यानं विचारलं, "काका, तुम्हाला नुसतं बघायचंय की ओळखायचंय?"

मी छत्तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग त्यानंच समजावून सांगितलं. २.८ मिलिमीटरचं भिंग घेतलं, तर फाटकापाशी सतरा-अठरा मीटर रुंदीचा देखावा दिसतो. पण साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे ठिपके असतात १९२०. ते एवढ्या रुंदीत वाटले, की मीटरच्या वाट्याला शंभर-एक येतात. कुणीतरी आलंय एवढं त्यात कळतं. कोण आलंय ते छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. अनोळखी माणसाची ओळख पटवायची, तर मीटरला २५० ठिपके हवेत, असं युरोपातलं मानक आहे. त्यासाठी ६ मिलिमीटरचं भिंग लागतं, आणि मग दिसतात जेमतेम सात मीटर. थोडक्यात, जास्त बघाल तर कमी ओळखाल. ओळखायचं असेल तर नजर आवरती घ्या. हे वाक्य एखाद्या उपनिषदात शोभलं असतं. पोरगं शिडीवर उभं राहून, तोंडात स्क्रू धरून ते बोलून गेलं.

मी अर्थातच २.८ घेतलं. त्याच पैशांत जास्त दिसत असताना कमी का बघा?

जागेचंही शास्त्र निघालं. उंची नऊ फूट. त्याहून खाली लावला तर चोर हातानं तोंड फिरवून ठेवतो आणि फार वर लावला तर नुसती टकलं दिसतात. उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड नको. जवळ पांढरी भिंत नको, कारण कॅमेरा रात्री डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकून बघतो आणि तो भिंतीवरून उलटला की स्वतःच आंधळा होतो. एवढं सगळं सांभाळून कॅमेरा बसला. पहिल्या रात्री फोन अकरा वेळा थरथरला. प्रत्येक वेळी मी काठी घेऊन उठलो. पहाटे आरोपी सापडला : भिंगासमोर जाळं विणणारा कोळी.

तिसऱ्या रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन पुन्हा थरथरला. पडद्यावर आमचं फाटक होतं. फाटकाच्या गजांतून एक हात हळूच आत आला आणि गाडीच्या दिशेनं सरकला. दहा सेकंद संपली. फोनवर येणारा तुकडा दहा सेकंदांचाच असतो. पण चेहरा ओळखायला मला २५० ठिपक्यांची गरज नव्हती. ती माकडटोपी, ती काठी. शेजारचे तात्या!

तात्यांचं वय ब्याऐंशी. आमचा शेजार चाळीस वर्षांचा. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी जिलब्या वाढल्या आहेत. पण तर्कशास्त्राच्या माणसाला भावना आड येऊ देऊन चालत नाही. हात होता, गाडी होती, ओरखडा होता. शिवाय गेल्या दिवाळीत आमची गाडी त्यांच्या रांगोळीवरून गेली होती. म्हणजे हेतूसुद्धा सापडला. दुसऱ्या दिवशी तात्या नेहमीप्रमाणे कुंपणावरून कढीपत्ता द्यायला आले, तेव्हा मी "ठेवा तिथं" म्हणालो. "बरं नाही का रे?" त्यांनी विचारलं. मी खोकलो.

आणि मग मी बघत बसू लागलो. सतरा मीटरांत तात्यांचा निम्मा व्हरांडा येत होता. ते दुपारी किती वाजता उठतात, चहाचा कप कुठे ठेवतात, सगळं मला फोनवर दिसू लागलं. व्हरांड्यात दोन खुर्च्या आहेत. एकीवर तात्या बसतात. दुसरीवर, काकू गेल्यापासून, त्यांचा पेपर असतो. तोही ते नीट घडी घालून ठेवतात. हे मला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. एरवी तात्यांनीच कधीतरी बोलून दाखवलं असतं, नाहीतर दाखवलं नसतं. तो त्यांचा अधिकार होता.

जेरेमी बेंथम नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १७९१ साली एका तुरुंगाची कल्पना छापून प्रसिद्ध केली. मध्ये बुरूज, भोवती गोलाकार कोठड्या. बुरुजातला पहारेकरी कैद्यांना दिसत नाही, त्यामुळे तो आपल्याकडेच बघतोय असं समजून प्रत्येक कैदी सभ्यपणे वागतो. कैद्यावर याचा काय परिणाम होतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं. बुरुजात बसणाऱ्याचं काय होतं, हे मात्र मी कधी शिकवलं नाही. ते आता घरबसल्या कळलं. तो दोन दिवसांत चाळीस वर्षं विसरतो.

शेवटी पुरावा गोळा करावा म्हणून मी मेमरी कार्डावरचं सबंध चित्रण काढलं. दहा सेकंदांच्या पुढचं मला त्यात पहिल्यांदा दिसलं. तात्यांचा हात गाडीकडे सरकतो, आमच्या फाटकाची कडी चाचपतो, ती लावतो. मग तात्या फाटक दोनदा हलवून बघतात, आमच्या उजेड असलेल्या खिडकीकडे क्षणभर बघतात आणि काठी टेकत निघून जातात. आदल्या रात्रीही तेच. त्याच्या आदल्या रात्रीही तेच.

मी टेप घेऊन बाहेर गेलो. ओरखड्याची उंची एकतीस इंच. कडीच्या दांड्याची उंची एकतीस इंच. ओरखडा सापडला त्या आठवड्यात तात्या चार दिवस लेकीकडे नाशिकला गेले होते. कडी लावायला कुणी नव्हतं, रात्री वारा सुटला होता आणि फाटक आत येऊन गाडीवर आपटत होतं. ते उघडं टाकणारा माणूस कोण, हे सौ.ने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

आता माझ्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. माझा संशय कुणाला कळला नव्हता. मग सांगायची काय गरज? कर्नाटकातल्या कनकदासांची एक गोष्ट सांगतात. गुरूंनी शिष्यांना एकेक केळं दिलं आणि कुणी बघत नसेल तिथं जाऊन खा म्हणून सांगितलं. बाकीचे कोपऱ्यात जाऊन खाऊन आले. कनकदास केळं तसंच परत घेऊन आले, कारण देव बघत नाही अशी जागाच त्यांना सापडली नाही. माझा कॅमेरा तर सगळा बाहेर बघत होता. माझ्याकडे तोंड केलेला एकही नव्हता. तरी ते केळं काही गिळवेना.

मी तात्यांकडे गेलो. "तात्या, दोन दिवस मी तुमच्यावर संशय घेतला."

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोनच दिवस ना? मी तुझ्यावर वर्षभर घेतोय. माझी रविवारची पुरवणी कोण पळवतं म्हणून."

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या पेपरात रविवारी दोन पुरवण्या निघत. एक मी वाचत असे आणि दुसरी कपाटात अंथरायला ठेवत असे. ती कुणाची, हा प्रश्न तर्कशास्त्राच्या माणसाला पडला नव्हता.

"मग विचारलं का नाहीत?"

"अरे, पुरवणी दुसऱ्या दिवशी रद्दीच होते. शेजार होत नाही."

दुसऱ्याच दिवशी मी त्या मुलाला बोलावलं. ६ मिलिमीटरचं भिंग घेतलं आणि तोंड खाली वळवलं. आता चित्र आमच्या गाडीच्या डिकीपाशी संपतं. आवाज टिपायची सोय बंद केली. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या न्यायालयात २०२१ साली घरगुती कॅमेऱ्याचा एक खटला चालला, त्यात तर दूरवरचं बोलणं टिपणं न्यायाधीशांना चित्राहूनही जास्त खटकलं. पण मला यातलं काही आठवून कॅमेरा वळवावा लागला नाही. मला ती दुसरी खुर्ची पुरली.

गावाला जाताना आपण शेजाऱ्याला म्हणतो, "घराकडे लक्ष असू द्या." नजर ठेवा, असं म्हणत नाही. नजर ठेवायला नऊ फूट उंची आणि मेमरी कार्ड लागतं. लक्ष असायला रात्री अकराला माकडटोपी घालून बाहेर पडावं लागतं. आणि ज्याचं लक्ष असतं, तो त्याचं चित्रण करून ठेवत नाही.

त्या दिवसापासून मी झोपण्यापूर्वी कडी स्वतः लावू लागलो. तिसऱ्या दिवशी तात्यांनी विचारलं, "हल्ली कडी तूच लावतोस वाटतं?"

"हो. म्हटलं, तुम्हाला उगाच त्रास."

"हं," तात्या म्हणाले आणि घरात गेले. त्या रात्री अकराला त्यांची काठी रस्त्यावर वाजली नाही. पुढच्या रात्रीही नाही.

मग मी पोर्चमधल्या चार कुंड्या हलवल्या आणि गाडी सहा फूट पुढे घेतली. आता फाटक कितीही आपटलं तरी तिला लागत नाही. कडी मी आठवणीनं उघडी ठेवतो. फाटक उघडं बघून दोनच दिवसांत तात्या पुन्हा फिरायला लागले. अकराच्या सुमारास फाटक दोनदा खडखडतं. फोन गप्प असतो. मी कूस बदलतो आणि झोपतो.