हात आपोआप चालतो तेव्हा

आंद्रे मासोंचं 1924 सालचं एक रेखाचित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. मी ते छापलेलंच पाहिलंय. मूळ चित्रही वहीच्या पानाएवढंच, जेमतेम 23 सेंटिमीटर उंच, शाईनं काढलेलं. आधी नुसती रेघांची गुंतवळ दिसते. मग एखादा हात सापडतो, कुठे पाऊल, कुठे स्तन. अख्खा देह कुणाचाच नाही. नाव 'ऑटोमॅटिक ड्रॉइंग': काय काढायचं ते न ठरवता टाक चालू द्यायचा. त्याच वर्षी आंद्रे ब्रेतोंने सरिअलिझमचा जाहीरनामा काढला आणि मनाचा असा बेलगाम व्यवहार हीच त्याची व्याख्या केली.

अशा चित्राचा अर्थ लावायला बसलं की पंचांगातल्या स्वप्नफळांसारखं होतं. साप दिसला तर अमुक, पाणी दिसलं तर तमुक. फ्रॉइड वाचलेले म्हणतात, ही दडपलेली वासना. चरित्र वाचलेले सांगतात, 1917 मध्ये शमाँ-दे-दामच्या लढाईत मासोंच्या छातीला गंभीर जखम झाली. तुटके अवयव तिथलेच. असतीलही. पण जन्मभर पोरांना रेघ मारायला शिकवलेल्या माझ्यासारख्याला आधी रेघच दिसते, आणि ही रेघ भ्यायलेली नाही. भ्यायलेला हात थबकतो, टोक कागदात रुततं, शाई साचते. इथे ती लांब वळणं घेत सुटली आहे, जवळजवळ खुशीत. विषय कत्तलीचा म्हणावा, तर चाल अशी! हा विसंवाद मला त्या अवयवांपेक्षा बोलका वाटतो.

आमच्या गल्लीतल्या कीर्तनकार बुवांना चित्र दाखवलं. ते म्हणाले, "सर, हात आपोआप चालला म्हणता, मग खाली नाव त्या माणसाचं कसं?"

प्रश्न जुनाच. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, चेष्टा आणि दैव. म्हणजे कर्ता पाचातला एक वाटेकरी. 'एकटा मीच करतो' म्हणणाऱ्याला तिथे दुर्मती ठरवलंय. सरिअलिस्टांनी दैवाच्या जागी अबोध मन बसवलं, इथवर माझी हरकत नाही. पण मग सगळं श्रेय त्यालाच देऊन टाकलं, आणि कर्त्याला घराबाहेर काढलं.

मासों स्वतः इतका भाबडा नव्हता. रेघा धावू दिल्यावर तो त्यांत काय उमटतंय ते पाही, आणि ओळख पटली की थोडं काम करून ते उघड करी. त्याच्या दुसऱ्या एका रेखाचित्राला 'पक्ष्यांचा जन्म' असं नाव देता येतं ते त्या ओळखीनंतर. रेघ कुणाचीही असो, ओळखणारा तोच होता.

"आणि चित्र पुरं झालं, हे कोण ठरवतं?" बुवांनी सोडलं नाही.

माझ्या वर्गात ते मी ठरवायचो, घंटा झाली की कागद ओढून घेऊन. मासोंच्या हातातून कागद ओढणारं कुणी नव्हतं. टाक त्यानेच खाली ठेवला; खाली नाव त्याचं लागलं ते रास्तच आहे.